एक्लेसिया: एक लॅटिन शब्द मुळापासून शेंड्यापर्यंत कसा सोडवायचा

‘एक्लेसिया म्हणजे जगातून बाहेर बोलावून घेतलेले लोक, कारण ग्रीकमध्ये एक् म्हणजे बाहेर आणि कालेओ म्हणजे बोलावणं’, हे वाक्य चर्चच्या प्रवचनात नाहीतर यूट्यूबवरच्या एखाद्या व्हिडिओत तुम्ही ऐकलं असेल. एक्लेसिया म्हणजे ख्रिस्ती मंडळी, चर्च. मीही ते वाक्य पहिल्यांदा तिथेच ऐकलं आणि काय मस्त आहे म्हणून वहीत लिहून ठेवलं. नंतर लॅटिन शिकायला घेतलं तेव्हा कळलं की फोड बरोबर आहे पण त्या फोडीतून काढलेला अर्थ काही बरोबर नाही. आपल्याकडे बघा ना, ग्रामपंचायत या शब्दात पाच आहेत, पण महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात आणि ‘पंचायत म्हणजे पाचच पाहिजेत’ म्हणून कुणी भांडत बसत नाही. शब्द फोडला की तो कुठे जन्मला ते कळतं, तो पुढे काय झाला ते कळत नाही, त्यासाठी तो कुठेकुठे राहिला आणि कुठल्या विभक्तीत बसला ते बघावं लागतं.

म्हणून हा लेख. एकच शब्द घेऊया, एक्लेसिया, आणि तो मुळापासून शेंड्यापर्यंत सोडवूया. ही पद्धत जमली की ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेले बाकीचे धार्मिक शब्द, एपिस्कोपुस (बिशप), आंजेलुस (देवदूत), बाप्तिस्मा वगैरे, तुम्ही स्वतः सोडवू शकाल. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुमचं निम्मं काम आधीच झालंय, नसेल तरी चालेल, मराठी येतंय ना मग झालं.

पायरी १: डिक्शनरीतली ओळ वाचायला शिका

लॅटिन डिक्शनरीत (ऑनलाइन फुकट मिळणाऱ्यांत लुईस अँड शॉर्टची १८७९ची अजूनही सगळ्यात जास्त वापरली जाते) हा शब्द शोधला की साधारण असं दिसतं: एक्लेसिया, मग स्वल्पविराम, मग नुसतं ‘ए-इ’ (ae) ही दोन रोमन अक्षरं, आणि मग ‘एफ’. नवीन माणूस इथेच गोंधळतो. त्या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच, की या शब्दाची षष्ठी, म्हणजे ‘चा-ची-चे’ वाली विभक्ती, ‘एक्लेसिए’ होते. ‘एफ’ म्हणजे फेमिनिन, स्त्रीलिंग. बस. षष्ठीत तो शेवट दिसला की नाम पहिल्या गटातलं हे पक्कं समजायचं. लॅटिनमध्ये नामांचे पाच गट आहेत आणि गट ठरतो तो षष्ठीवरून, प्रथमेवरून नाही, हे एकदा डोक्यात बसवून टाका, कारण प्रथमा फसवते आणि षष्ठी सहसा फसवत नाही.

उच्चाराचं आत्ताच सांगतो. मी या लेखात चर्चमधला, म्हणजे इटालियन वळणाचा उच्चार लिहितोय. त्यात ‘ए-इ’ (ae) हा जोडस्वर नुसता ‘ए’ होतो, म्हणून एक्लेसिए. सिसेरो या जुन्या रोमन वक्त्याच्या काळातला उच्चार शिकलेले लोक तेच ‘एक्क्लेसिआइ’ म्हणतील. दोन्ही बरोबर, फक्त एका वाक्यात दोन्ही मिसळू नका. आणि मूळ स्पेलिंगमध्ये ‘सी’ दोनदा आहे, त्याचं कारण पुढच्या पायरीत येतं.

पायरी २: ग्रीक मूळ गाठा, पण तिथे थांबू नका

ग्रीक शब्द एक्क्लेसिआ. ‘एक्’ हा उपसर्ग, बाहेर या अर्थाचा, आणि ‘क्ले’ हे बोलावणे या धातूचं रूप (कालेओ, मी बोलावतो). उपसर्गाचा क् आणि धातूचा क् एकत्र आले म्हणून दोन क, आणि लॅटिनने ते दोन्ही इमानदारीत ठेवले. शेवटचा ‘-सिआ’ हा भाववाचक नाम करणारा प्रत्यय. म्हणजे शब्दशः ‘बोलावणी’ किंवा ‘पुकारा’, आणि त्यातून पुकाऱ्याने जमलेली सभा.

हा बोलावणारा धातू लॅटिनमध्येही सख्ख्या भावंडासारखा आहे, ‘कालारे’, जाहीर करणे. रोममध्ये महिन्याचा पहिला दिवस पुजारी असाच पुकारून जाहीर करायचे, त्या दिवसाला कालेन्दे म्हणत, आणि आपलं भिंतीवरचं कॅलेंडर तिथून आलंय. त्यामुळे कॅलेंडरमधला ‘कॅल’ आणि एक्लेसियातला ‘क्ल’ हे एकाच घरातले. संस्कृतच्या ‘काळ’ शब्दाशी मात्र याचा काही संबंध लावू नका, तो मोह मलाही झाला होता.

आता हा शब्द अथेन्समध्ये काय होता? ग्रामसभा! खरंच, याहून जवळचा मराठी शब्द नाही. अथेन्सच्या प्रौढ पुरुष नागरिकांची सभा (बायका, गुलाम, बाहेरून आलेले लोक यांना प्रवेश नव्हता), प्नीक्स नावाच्या टेकडीवर भरायची, इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला ४० बैठका, काही ठरावांना किमान ६,००० मतं पडलीच पाहिजेत असा नियम. आणि लोक तेव्हाही सभेला यायला टाळाटाळ करायचे, बाजारात गप्पा मारत बसायचे, म्हणून लाल रंगात भिजवलेला दोर धरून त्यांना बाजारातून टेकडीकडे हाकलायचे, ज्याच्या कपड्याला रंग लागला तो सापडला. इ.स.पू. ४२५ च्या एका विनोदी नाटकात याची टिंगल आहे. पुढे पुढे तर सभेला येणाऱ्याला भत्ता द्यायची वेळ आली.

आता मला सांगा, दोराने हाकलत आणलेल्या या लोकांना ‘जगातून वेगळे काढलेले निवडक’ म्हणता येईल का? नाही ना. अथेन्सच्या माणसाला एक्क्लेसिआ म्हटल्यावर ‘बाहेर’ वगैरे काही आठवतच नसणार, जसं आपल्याला ग्रामपंचायत म्हटल्यावर पाचाचा आकडा आठवत नाही.

मग धर्म कुठून आला? ज्यू लोकांच्या हिब्रू ग्रंथांचा ग्रीक अनुवाद इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सुरू झाला. हिब्रूत ‘काहाल’ असा शब्द आहे, देवासमोर जमलेला इस्राएलचा समुदाय. अनुवादकांनी त्याला काही ठिकाणी ‘सिनागोगे’ (एकत्र जमणं, पुढे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं नाव) म्हटलं आणि काही ठिकाणी ‘एक्क्लेसिआ’. इथे शब्दाला धार्मिक वास लागला. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी शब्द निवडला तो या अनुवादाच्या भाषेत वाढलेल्या कानांनी निवडला. बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी (येशूच्या चरित्रांपैकी) फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात तो येतो, तोही दोनच जागी (१६:१८ आणि १८:१७), पण पौल या प्रेषिताच्या पत्रांत मात्र रेलचेल आहे.

पायरी ३: लॅटिनमध्ये तो कधी आणि कसा शिरला ते बघा

बहुतेक लोक धरून चालतात की हा शब्द ख्रिस्ती लोकांनीच लॅटिनमध्ये आणला. तसं नाहीये. इ.स. ११० च्या आसपास धाकटा प्लिनी हा बिथिनिया-पोंतुस प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा उत्तर किनारा) गव्हर्नर होता आणि सम्राट त्राजानला सारखी पत्रं पाठवायचा. त्यातल्या एकात आमिसुस शहराच्या (आजचं साम्सुन) एका जुन्या देणगीची भानगड आहे, आणि प्लिनी लिहितो की ती रक्कम वीस वर्षांपूर्वी ‘बुले एत एक्लेसिया कोन्सेन्तियेन्ते’ दिली गेली, म्हणजे कौन्सिल आणि सभा दोघांच्या संमतीने. थेट आपलं ‘ग्रामपंचायत आणि ग्रामसभेच्या मंजुरीने’. धर्माचा लवलेश नाही. गंमत म्हणजे याच प्लिनीने याच काळात ख्रिस्ती लोकांबद्दलही त्राजानला ते प्रसिद्ध पत्र लिहिलंय, ते पहाटे जमतात, गाणी म्हणतात वगैरे, पण त्या जमावाला त्याने एक्लेसिया म्हटलेलं नाही. त्याच्या लेखी तो सरकारी शब्द होता.

मग ख्रिस्ती लोकांनी लॅटिन पर्याय का नाही घेतला? पर्याय ढीगभर होते, कोन्तियो (जाहीर सभा), कोमितिया (मतदानाची सभा), कुरिया (कौन्सिलची बैठक). तेर्तुलियानुस या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २०० च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये बसून आमच्या बैठकीला टोळकं म्हणू नका, कुरिया म्हणा असं एकदा म्हणूनही बघितलं, पण तो स्वतः एरवी एक्लेसियाच लिहितो. माझ्या मते कारण साधं आहे. रोममधले ख्रिस्ती लोक सुरुवातीला ग्रीकच बोलायचे, तिसऱ्या शतकातल्या कित्येक पोपांच्या थडग्यांवर (रोमच्या कॅलिक्स्टस भुयारांत) नावं ग्रीकमध्ये कोरलीत. घरात रोज वापरला जाणारा शब्द भाषा बदलली तरी तसाच राहतो, आपण नाही का ‘टेबल’ आणि ‘बटाटा’ तसेच ठेवले. शिवाय कोन्तियो आणि कोमितियाला रोमन राजकारणाचा वास होता, ग्रीक शब्द लॅटिन कानाला कोरा होता, हवा तो अर्थ भरा.

तो उशिरा आलेला पाहुणा आहे याचा पुरावा त्याच्या पोटातच आहे. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधला ‘स’ इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत ‘र’ झाला होता. पापिसियुस नावाच्या घराण्याचे लोक पापिरियुस झाले ते तेव्हाच. संस्कृतवाल्यांनी ‘जनस्, जनसः’ आठवा, त्याचं लॅटिन भावंड ‘गेनुस, गेनेरिस’, बघा स गेला आणि र आला. आता एक्लेसियात ए आणि इ च्या मध्ये स ठणठणीत बसलाय! म्हणजे ही र-ची साथ ओसरल्यानंतर शब्द आत आला. एका अक्षरावरून एवढं कळतं, मला तर हे वाचलं तेव्हा जेवण सुचेना.

पायरी ४: आघात तपासा

ही छोटी पायरी आहे पण चुकवू नका. लॅटिनचा नियम: शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर आघात (बोलतानाचा जोर) त्याच्यावर, ऱ्हस्व असेल तर त्याच्या आधीच्यावर. एक-क्ले-सि-अ, शेवटून दुसरं ‘सि’ ऱ्हस्व, म्हणून आघात ‘क्ले’ वर. ग्रीकमध्ये मात्र आघात ‘सि’ वर, आणि आजही ग्रीसमध्ये ‘एक्लिसीया’ असंच म्हणतात. लॅटिनने अक्षरं उसनी घेतली, आघात स्वतःचा लावला. स्पॅनिश ‘इग्लेसिया’ बोलून बघा, जोर ‘ग्ले’ वरच पडतो.

पायरी ५: विभक्ती चालवा

इथे जरा वेळ काढून बसा. संस्कृतच्या आठ विभक्ती (संबोधन धरून) लॅटिनमध्ये सहा झाल्यात. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन आपापल्या जागी आहेत, आणि तृतीया, पंचमी, सप्तमी या तिघींना मिळून एकच रूप उरलंय, त्याला अ‍ॅब्लेटिव्ह म्हणतात. मी त्याला मनात ‘ने-हून-त’ म्हणतो, नाव विसरलं तरी काम आठवतं.

एकवचन असं: प्रथमा एक्लेसिया, द्वितीया एक्लेसियम, षष्ठी एक्लेसिए, चतुर्थी एक्लेसिए, ने-हून-त एक्लेसिया, संबोधन एक्लेसिया.

अनेकवचन: प्रथमा एक्लेसिए, द्वितीया एक्लेसियास, षष्ठी एक्लेसियारुम, चतुर्थी एक्लेसिईस, ने-हून-त परत एक्लेसिईस, संबोधन एक्लेसिए.

आता ‘माला’ शब्द आठवा. माला, मालाम्. एक्लेसिया, एक्लेसियम. ही दोन्ही आकारान्त स्त्रीलिंगी घराणी एकाच पणजीची आहेत. षष्ठी अनेकवचन मात्र जुळत नाही, मालानाम् कुठे आणि एक्लेसियारुम कुठे. पण सर्वनाम घ्या: तासाम् (त्यांचं, स्त्रीलिंगी). लॅटिनने इथे नामाला सर्वनामाचा प्रत्यय लावला, ‘-आसाम्’ चं भावंड ‘-आसोम’, आणि मग मघाचाच नियम, दोन स्वरांतला स र झाला, म्हणून ‘-आरुम’. गंमत बघा, एकाच रूपात एक्लेसियारुमच्या प्रत्ययातला स र झालाय कारण प्रत्यय जुना, आणि शब्दातला स तसाच आहे कारण शब्द नवा.

एक सापळा: प्रथमा आणि ने-हून-त दोन्ही एक्लेसिया दिसतात. फरक शेवटच्या स्वरात आहे, प्रथमेत तो ऱ्हस्व (अ), दुसऱ्यात दीर्घ (आ). शिकाऊ पुस्तकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, खऱ्या ग्रंथांत नसते. तिथे शेजारचे शब्द बघायचे.

दुसरा सापळा मोठा आहे, एक्लेसिए. एकच रूप, चार नोकऱ्या: षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन, प्रथमा अनेकवचन, संबोधन अनेकवचन. मराठी माणसाला एक सोय आहे, शाळा-शाळेचा-शाळेला यात आपलं सामान्यरूपही ‘ए’ च होतं, तसंच एक्लेसिया-एक्लेसिए. ही फक्त लक्षात ठेवायची युक्ती आहे, आणि अनेकवचनात ती मोडते (अनेक शाळा, पण अनेक एक्लेसिए), तेवढं सांभाळा. ओळखायचं कसं? आधी क्रियापद शोधायचं. ‘दिक एक्लेसिए’: दिक म्हणजे ‘सांग’, सांगायचं कुणाला? मंडळीला. चतुर्थी. ‘कापुत कोर्पोरिस एक्लेसिए’: डोकं, शरीराचं, ... क्रियापद दुसरीकडे कामात आहे, इथे नामांची रांग लागलीय, म्हणजे ‘मंडळीचं’. षष्ठी. ‘सालुतान्त वोस ओम्नेस एक्लेसिए क्रिस्ती’: सालुतान्त अनेकवचनी क्रियापद, नमस्कार सांगतात, कोण? सगळ्या मंडळ्या. प्रथमा अनेकवचन. तिन्ही वाक्यं बायबलच्या लॅटिन अनुवादातली, म्हणजे व्हल्गेटमधली आहेत, आणि तिन्हींत शब्द अगदी एकच.

पायरी ६: सराव, तोही प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायावर

सरावाला मी नेहमी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला हाच उतारा सुचवतो, कारण यात आपला शब्द तीन वेगळ्या विभक्तींत येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा चर्चशी काही संबंध नाही. गोष्ट एफेसस या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्राचीन शहराची. चांदीचे कारागीर देवी आर्तेमिसचे चांदीचे देव्हारे विकून पोट भरतात, पौलाच्या प्रचाराने धंदा बसेल म्हणून बोंब मारतात, अख्खं गाव नाट्यगृहात घुसतं. व्हल्गेट म्हणतं, ‘एरात एनिम एक्लेसिया कोन्फुसा’, कारण सभेचा गोंधळ उडाला होता. प्रथमा, आणि कोन्फुसा हे विशेषणही स्त्रीलिंगी एकवचनी. मग नगरचिटणीस उठतो (प्रत्येक गावात एक असा शहाणा क्लार्क असतोच) आणि म्हणतो की काही तक्रार असेल तर ती ‘इन लेजितिमा एक्लेसिया’ सोडवता येईल, कायदेशीर सभेत. हे ने-हून-त. ‘इन’ च्या पुढे ने-हून-त आलं तर ‘त’, द्वितीया आली तर ‘कडे, आत’. शेवटी ‘दिमिसित एक्लेसियम’, त्याने सभा बरखास्त केली. द्वितीया.

इथे कुणी ‘चर्च बरखास्त केलं’ असं भाषांतर केलं तर काय होईल विचार करा. मराठी बायबलमध्ये मत्तय १६:१८ ला ‘मंडळी’ आहे, आणि एफेससच्या त्या दंग्याला मात्र ‘सभा’. बरोबर केलंय. मूळ शब्द एक, मराठी दोन, कारण एकच शब्द दोन वेगळ्या आयुष्यांत आहे.

आणखी थोडी वाक्यं, वहीत उतरवा: ‘सुपेर हान्क पेत्रम एदिफिकाबो एक्लेसियम मेअम’, या खडकावर मी माझी मंडळी बांधीन, द्वितीया. ‘सोलिचितुदो ओम्नियुम एक्लेसियारुम’, सगळ्या मंडळ्यांची काळजी, षष्ठी अनेकवचन. ‘सेप्तेम एक्लेसिईस क्वे सुन्त इन आसिया’, आसियातल्या सात मंडळ्यांना, चतुर्थी अनेकवचन (इथलं आसिया म्हणजे रोमन प्रांत, आजचा पश्चिम तुर्कस्तान, आपला आशिया खंड नव्हे). १९९९ च्या ६ नोव्हेंबरला पोप जॉन पॉल दुसरे यांनी दिल्लीत सही केलेल्या पत्राचं नाव ‘एक्लेसिया इन आसिया’ आहे, तिथे मात्र आशिया म्हणजे आपलाच आशिया.

पोपच्या पत्रांचं अजून एक. १९६४ चं सहाव्या पॉलचं पत्र ‘एक्लेसियम सुअम’. लोक विचारतात की नावात द्वितीया कशी? कारण नाव म्हणजे शीर्षक नसतंच, पत्राचे पहिले शब्द उचललेले असतात, आणि ते वाक्य कर्मापासून सुरू होतं. लॅटिनमध्ये शब्द कुठेही बसवता येतात, प्रत्यय आहेत ना राखणीला.

पायरी ७: लिंगाकडे दुर्लक्ष करू नका

एक्लेसिया स्त्रीलिंगी, हे फक्त व्याकरण होतं. पण स्त्रीलिंगी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यापुढे बाई आली. तिसऱ्या शतकाच्या मध्याला कार्थेजचा बिशप किप्रियानुस लिहितो, ज्याला एक्लेसिया आई म्हणून नाही त्याला देव बाप म्हणून असू शकत नाही. लॅटिनमध्ये ‘एक्लेसियम नोन हाबेत मात्रेम’, दोन द्वितीया शेजारी, एक ‘ला’ आणि दुसरी ‘म्हणून’ या अर्थी, ही रचना लक्षात ठेवा, खूप भेटते. पुढे १२३० च्या सुमारास स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर दोन बायकांचे पुतळे उभे केले, एक मुकुट घातलेली एक्लेसिया आणि दुसरी डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मोडका भाला धरलेली सिनागोगा, म्हणजे ज्यू धर्म. शिल्प सुंदर आहे आणि त्यामागची ज्यूंबद्दलची भावना कुरूप. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी नसते तर ही जोडीच तयार झाली नसती.

याच दोन शब्दांवर ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतानेही फोडाफोडी केलीय, की सिनागोगा म्हणजे एकत्र हाकणं, ते गुरांनाही लागू, एक्लेसिया म्हणजे बोलावणं, ते माणसांनाच लागू. सातव्या शतकात वारलेल्या सेव्हिलच्या इसिडोरने मग आपल्या कोशात नोंदच केली, एक्लेसिया ग्रीक आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कोन्व्होकातियो, बोलावणं. म्हणजे यूट्यूबवरच्या त्या वाक्याची परंपरा तशी जुनी आहे. ती प्रवचन म्हणून ऐका, शब्दकोश म्हणून नको.

पायरी ८: हस्तलिखितं आणि शिलालेख वाचताना

मध्ययुगात जोडस्वराचा उच्चार साधा ‘ए’ झाला होता, त्यामुळे लिहिणारे षष्ठीतही नुसता ‘इ’ (e) लिहायचे. आणि काहींना भीती वाटायची की आपण जोडस्वर गाळतोय, म्हणून ते नको तिथे घालायचे, शब्दाच्या सुरुवातीलाही, ‘ए-इ-सी-सी’ (aecc) असं. आपल्याकडे ‘शुद्ध’ लिहायच्या नादात ‘आशीर्वाद’ ऐवजी भलतंच काहीतरी लिहितात तसं. दोन ‘सी’ ऐवजी एक हेही भेटतं. शब्द सापडत नसेल तर ही रूपं शोधून बघा. शिवाय कागद महाग, चामडं त्याहून महाग, म्हणून मधली अक्षरं गाळून वर रेघ मारायची पद्धत होती.

पायरी ९: शब्दाची पोरं ओळखा

फ्रेंच एग्लिज, स्पॅनिश इग्लेसिया, इटालियन कीएझा (सुरुवातीचा आघात नसलेला ए गळाला), वेल्श एग्लुइस, बास्क एलिझा, सगळी एक्लेसियाची. रोमानियन मात्र ‘बिसेरिका’ म्हणतात, ते बासिलिका या दुसऱ्याच ग्रीक शब्दावरून, राजेशाही इमारत. इंग्लिश चर्च आणि जर्मन किर्खं यांचा तर एक्लेसियाशी संबंधच नाही, ते ग्रीक ‘कीरियाकोन’, प्रभूचं, यावरून.

आणि पोर्तुगीज इग्रेझा. क चा ग झाला, ल चा र झाला, सि चा झ झाला. हीच गोव्यात उतरली आणि कोंकणीत ‘इगर्ज’ झाली. र आणि त्याच्यापुढचा स्वर यांनी जागा बदलल्या, शेवटचा आ गळून पडला, पण लिंग गेलं नाही, ती इगर्जच. अथेन्सच्या टेकडीवरची सभा स्त्रीलिंगी आणि जुन्या गोव्यातली पांढरी इमारतही स्त्रीलिंगी! हिंदीतलं गिरजाघरही याच इग्रेझाचं, गिरिजा म्हणजे पार्वतीशी त्याचं काही नातं नाही. मराठी कॅथलिक मंडळी इमारतीला चर्च म्हणतात आणि लोकांच्या समुदायाला ख्रिस्तसभा, म्हणजे शब्द फिरून परत ‘सभे’ पाशी आला.

हीच पद्धत दुसऱ्या शब्दांना

ग्रीक ‘-ओस’ बहुतेक वेळा लॅटिनमध्ये ‘-उस’ होतो आणि दुसऱ्या गटात जातो, एपिस्कोपोस-एपिस्कोपुस (पोर्तुगीज बिश्पु, कोंकणी बिस्प), आंगेलोस-आंजेलुस. ‘-ओन’ चं ‘-उम’, एव्हांजेलियुम (शुभवर्तमान), नपुंसकलिंगी. ‘-मा’ वाले नपुंसकलिंगी आणि तिसऱ्या गटात, बाप्तिस्मा, षष्ठी बाप्तिस्मातिस, त्यांना आकारान्त बघून पहिल्या गटात टाकू नका, म्हणूनच म्हटलं षष्ठी बघा. ‘-एस’ वाले पुल्लिंगी असूनही पहिल्या गटात बसतात: एक्लेसियास्तेस, सभेत बोलणारा, हिब्रू कोहेलेतचं भाषांतर, मराठी बायबलात ‘उपदेशक’. पास्खा (वल्हांडण, ईस्टर) हा सगळ्यात वात्रट, तो कुठे पहिल्या गटातला स्त्रीलिंगी असतो, कुठे तिसऱ्यातला नपुंसकलिंगी, कुठे चालतच नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नाही.

आता शेवटचा गृहपाठ. रोमच्या लॅटरन बासिलिकाच्या दर्शनी भागावर कोरलंय: ‘साक्रोस. लातेरान. एक्लेस. ओम्नियुम उर्बिस एत ओर्बिस एक्लेसियारुम मातेर एत कापुत’. पहिले तीन शब्द अर्धवट कापलेत, प्रत्ययच नाहीत. मग एक्लेस. ची विभक्ती कशी लावणार? पुढे जा, मातेर म्हणजे आई, प्रथमा. कापुत म्हणजे डोकं, तीही प्रथमा. आई कुणाची? ओम्नियुम एक्लेसियारुम, सगळ्या चर्चेसची. कुठल्या? उर्बिस एत ओर्बिस, शहरातल्या आणि जगातल्या. आई आणि डोकं कोण, तर ते कापलेलं एक्लेस., म्हणून तेही प्रथमेतच पाहिजे, एक्लेसिया. आणि ते स्त्रीलिंगी एकवचनी निघालं म्हणून साक्रोस. चं साक्रोसांक्ता करा, लातेरान. चं लातेरानेन्सिस.